घरच्या घरी कुत्र्यांचा खाऊ : काय घालायचं, काय नाही, किती द्यायचं

रानजाई
नमस्कार मंडळी. प्राण्यांच्या गप्पांच्या धाग्यावर घरच्या ट्रीट्सबद्दल सारखं कोणीतरी विचारतं, उत्तरं खाली कुठेतरी गाडली जातात आणि दोन महिन्यांनी तोच प्रश्न परत. म्हणून हा स्वतंत्र धागा काढतेय. पाककृती टाका, शंका विचारा, कोणाच्या कुत्र्याला काय मानवलं नाही तेही लिहा.

आमच्याकडे बुंदी आहे, लॅब्रेडॉर, ३० किलो, नसबंदी झालेली आणि कायम भुकेली. बाजारातला खाऊ सगळा वाईटच असतो असं माझं म्हणणं नाही, पण पाकिटावर मैदा, साखर, रंग असं वाचलं की हात आखडतो, आणि घरी केलं की निदान आत काय आहे ते आपल्याला माहीत असतं. त्यासाठी वेगळं काही आणावंही लागत नाही, सगळं आपल्या डब्यांत असतंच.

माझी नेहमीची नाचणी-भोपळ्याची बिस्किटं अशी : एक वाटी नाचणीचं पीठ, एक वाटी ओट्स मिक्सरमधून भरड काढलेले, एक अंडं आणि लाल भोपळा वाफवून कुस्करलेला साधारण अर्धी वाटी. भोपळा कुकरमध्ये भांड्यात पाणी न घालता वाफवायचा, पाण्यात शिजवला की पाणी धरतो आणि मग त्यात पीठ ओतत बसावं लागतं. मीठ नाही, गूळ-साखर नाही, तूप नाही, बेकिंग पावडर नाही. पुरीच्या कणकेइतकं घट्ट मळायचं. नुसत्या नाचणीचं लाटायला गेलात तर कडा फाटतात कारण तिला चिकटपणा नसतो, अंडं आणि ओट्स तिला बांधून ठेवतात. प्लास्टिकच्या कागदावर अर्धा सेंटीमीटर जाड लाटून सुरीने शंकरपाळ्यांसारखं कापायचं, फक्त तुकडा शंकरपाळ्याच्या निम्मा. ओटीजी १६० डिग्रीला तापवून २५ ते ३० मिनिटं, मग बंद करून ट्रे आतच राहू द्यायचा, म्हणजे राहिलेली ओल निघून जाते आणि मोडताना कट्ट आवाज येतो. एवढ्यात माझे साधारण दीडशे तुकडे होतात.

अंडं नको असेल तर त्याऐवजी भोपळाच थोडा वाढवा, जरा ठिसूळ होतील पण होतात.

गोटीसोडा
मस्त धागा ताई. आमचा बंड्या देशी आहे, १० किलोच्या आसपास. घरात आई त्याला रोज चहाबरोबर तीन-चार ग्लुकोज बिस्किटं देते आणि तो पण पाच वाजले की कपाची वाट बघत बसतो. मी सांगून थकलो. हे नाचणीचं करून देईन पण मला एक सांगा, रोज किती तुकडे चालतात? कारण आईला आकडा सांगितला की ती ऐकते, नुसतं "कमी दे" म्हटलं की नाही ऐकत.

पशुवैद्य_परळ
आकडा सांगतो, आईंना दाखवा.

जगभर पशुवैद्य जो नियम सांगतात तो असा की दिवसाच्या एकूण कॅलरीजपैकी जास्तीत जास्त १० टक्के खाऊतून, उरलेल्या ९० टक्के नेहमीच्या संतुलित जेवणातून. आता एकूण किती ते काढायचं तर कुत्र्याचं वजन किलोत घ्या, कॅल्क्युलेटरवर ते तीनदा घेऊन एकमेकांशी गुणा (१० × १० × १० असं), मग वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, आणि आलेल्या आकड्याला ७० ने गुणा. ही झाली नुसतं स्वस्थ पडून राहायला लागणारी ऊर्जा. नसबंदी झालेल्या, मध्यम हालचाल असलेल्या, पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्यासाठी त्याला परत १.६ ने गुणायचं. १० किलोच्या बंड्याचे साधारण ६३० कॅलरीज येतात, म्हणजे खाऊचा वाटा ६३. बुंदीचे १,४३० च्या पुढेमागे, खाऊला १४० धरा.

रानजाईंच्या पाककृतीची मी ढोबळ बेरीज केली, नाचणी, ओट्स, अंडं, भोपळा मिळून ८०० च्या जवळपास जातं आणि दीडशे तुकडे म्हणजे एका तुकड्यात ५ कॅलरीज. बंड्याला दिवसाला १२ तुकडे. आणि त्या दिवशी घरात दुसरं कोणी पोळीचा तुकडा, चीजचा तुकडा काही देत असेल तर ते यातूनच वजा.

छोट्या ग्लुकोज बिस्किटात एकेकी २० च्या आसपास असतात. तीन खाल्ली की दिवसाचा कोटा संपला, तोही साखर-मैद्यात. वर चहा देऊच नका, कॅफीन कुत्र्यांना सोसत नाही.

हे सगळं सरासरी आहे. प्रत्यक्षात बरगड्यांवरून हात फिरवून बघा, थोड्याशा दाबाने बरगड्या मोजता आल्या पाहिजेत. नाही आल्या तर कोटा निम्मा करा.

रानजाई
डॉक्टर, फार उपयोगी. वर्गमूळ दोनदा ही युक्ती लिहून ठेवली. आणि लॅबवाल्यांनो, यांचा भुकेलेपणा नुसता नाटकीपणा नसतो हे पण वाचा. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलंय की सुमारे पावभाग लॅब्रेडॉर्समध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. म्हणजे ती बिचारी खरंच भुकेली असते. म्हणूनच मी तुकडे बारीक करते. एका मोठ्या बिस्किटाऐवजी सहा बारीक दिले की तिला सहा वेळा मिळाल्याचा आनंद, आणि बसवायला-थांबवायला शिकवताना सहा वेळा शाबासकी देता येते.

तूरडाळ
आमच्याकडे पूर्ण शाकाहार, अंडंही नाही. स्पिट्झ आहे, ८ किलो, नाव कापूस. त्याला जेवण डॉक्टरांनी सांगितलेलं पाकिटातलं देतो, त्यामुळे प्रश्न फक्त खाऊचा. काय काय करता येईल? पनीर चालतं का? आणि ते पहाडी चीजचं हाड मिळतं ना, छुर्पी, ते कसं?

पशुवैद्य_परळ
पनीर चालतं, घरी फाडलेलं, बिनमिठाचं आणि थोडंच, कारण फॅट बरंच असतं. पूर्ण वाढ झालेल्या पुष्कळ कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही आणि पातळ शी होते. पनीर करताना पाण्याबरोबर ती बरीचशी निघून जाते, दह्या-ताकात विरजणामुळे कमी होते, म्हणून दूध बाधणाऱ्याला चमचाभर दही बरेचदा बाधत नाही.

छुर्पी म्हणजे नेपाळ, सिक्कीम, दार्जिलिंगकडे याक-गाईच्या दुधाची करतात ती वाळवलेली वडी. घटक साधे आहेत, अडचण कडकपणाची. कुठल्याही चघळायच्या वस्तूवर अंगठ्याचं नख दाबून बघा. नख जराही रुतलं नाही तर ती दातांसाठी फार कडक आहे. मागची मोठी दाढ चिरते, वरचा कपचा निघतो, आणि कुत्रं दुखतंय म्हणून सांगत नाही, नुसतं एका बाजूने खायला लागतं.

रानजाई
तूरडाळ, रताळ्याच्या चकत्या कर. रताळं धुऊन सालासकट जाड चकत्या, अर्धा सेंटीमीटर, पातळ केल्या तर वेफर होतो. जाळीवर पसरून ओटीजीत १०० ते ११० डिग्रीला दोन-अडीच तास, मधे एकदा उलटायच्या. बाहेरून चामट, आत किंचित मऊ अशा झाल्या की काढायच्या. चघळायला वेळ लागतो म्हणून फोन चालू असताना एक दिली की काम होतं. गोड असतात, तेव्हा एकच. गाजर तर नुसतं कच्चं पण चालतं, लहान कुत्र्याला मात्र किसून किंवा उभ्या पातळ कापा करून, गोल चकती घशात अडकते.

गोटीसोडा
आणि चण्याचं पीठ? फुटाणे?

पशुवैद्य_परळ
थोडं चालतं. फुटाणे बिनमिठाचे, बिनहळदीचे, मूठभर नाही, चार-दोन दाणे. गॅस होतात. रोजचं मुख्य अन्नच डाळी-कडधान्यांवर नेऊ नका एवढं बघा. अमेरिकेत २०१८ मध्ये त्यांच्या अन्न-औषध प्रशासनाने वाटाणा-मसूर भरपूर असलेल्या धान्यविरहित डॉग फूडचा आणि हृदयाच्या एका आजाराचा संबंध आहे का याची चौकशी सुरू केली होती. कार्यकारणभाव पक्का सिद्ध झालेला नाही, पण तो प्रश्न रोजच्या जेवणाचा आहे, दोन बिस्किटांतल्या बेसनाचा नाही.

आता मुख्य गोष्ट लिहितो, कारण या धाग्यावर "काय घालू" विचारणारे खूप येतील आणि "काय घालू नको" वाचणारे कमी. आपल्या स्वयंपाकघरातल्या क्रमाने सांगतो.

कांदा, लसूण, कांद्याची पात : कच्चं, शिजलेलं, तळलेलं, पावडर, कसंही नाही. त्यातली गंधकाची संयुगं तांबड्या पेशी फोडतात आणि लक्षणं लगेच नाही, तीन-चार दिवसांनी दिसतात, हिरड्या पांढुरक्या, धाप, लघवी लालसर. म्हणून लोकांना दोन्हीचा संबंध लागत नाही. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, सूप क्यूब, बाहेरचा चिकन स्टॉक, यातलं काही खाऊत नको.

द्राक्षं, बेदाणे, मनुका : मूत्रपिंड निकामी होतं. अमुक इतकं चालेल असं सुरक्षित प्रमाण सांगताच येत नाही, एखाद्या कुत्र्याला काही होत नाही आणि दुसऱ्याला थोडक्यात होतं. सत्यनारायणाचा शिरा उचलून देणाऱ्यांनी हे लक्षात घ्या. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी यामागे टार्टारिक आम्ल असावं असं मांडलं, आणि ते आम्ल भरपूर असलेला आपला रोजचा पदार्थ म्हणजे चिंच. चिंच खाऊनही कुत्र्यांना तसाच त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा आमटी-भात कालवून देणं बंद.

चॉकलेट, कोको : गडद तेवढं वाईट. मॅकाडेमिया नट्स नाहीत. जायफळ नाही, म्हणजे श्रीखंड, बासुंदी, पुरणपोळी तशीही बाद. कच्चं यीस्ट घातलेलं पीठ पोटात फुगतं आणि त्यात दारू तयार होते, पाव करणाऱ्यांनी परात उंच ठेवा.

आणि झायलिटॉल. शुगरफ्री च्युइंगम, मिंट, काही टूथपेस्ट, काही पीनट बटर यांत असतं. माणसाला काही होत नाही, कुत्र्याच्या शरीरात इन्सुलिनचा लोंढा सुटतो आणि बऱ्याचदा अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर खाली येते, जास्त गेलं तर यकृत जातं. किलोमागे ०.१ ग्रॅमसुद्धा धोक्याचं आहे.

माणदेशी
डॉक्टर, तुमचा मान ठेवून बोलतो. आमच्याकडं म्हसवडच्या बाजूला मेंढरांमागची आणि कारवानी जातीची कुत्री पिढ्यान्पिढ्या बाजरीची भाकरी, दूध, घरातलं कालवण खाऊन मोठी झाली, त्या कालवणात कांदा-लसूण असतोच, आणि ती कुत्री दिवसभर मेंढरांबरोबर पळतात. मग हे शहरातल्या कुत्र्यांनाच होतं का?

आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो, वांग्याचं भरीत, कांद्याची पात, लसूण सगळं, आणि खंडोबाचं कुत्रं म्हणून पहिला घास कुत्र्याला घालायची आमच्यात रीत आहे. ती मोडायची का?

पशुवैद्य_परळ
दादा, रास्त प्रश्न आहेत दोन्ही.

पहिला : हे प्रमाणावर असतं. कुत्र्याच्या रक्तात ठळक बदल दिसायला किलोमागे साधारण १५ ते ३० ग्रॅम कांदा लागतो असं अभ्यासांत आलंय. २५ किलोच्या कारवानीला ते पावणेचारशे ग्रॅमपासून पुढे, म्हणजे तीन-चार मोठे कांदे. कालवणातून एवढा एकावेळी जात नाही म्हणून कुत्रं पडत नाही. पण रोज थोडा थोडा गेला तरी पेशींचं नुकसान साचत जातं, आणि मेंढरांमागच्या कुत्र्याचं रक्त कोणी तपासलेलं नसतं, ते जरा मलूल झालं तर म्हातारं झालं म्हणतात. तेच गणित ३ किलोच्या पॉमेरियनला लावा, अर्धा कांदा पुरतो. जपानी जाती, अकिता-शिबा वगैरे, तर आणखी नाजूक. तेव्हा शहर-गाव असा फरक नाही, वजनाचा आणि प्रमाणाचा आहे.

दुसरा : रीत मोडायची काहीच गरज नाही. रोडगा तर खाऊ म्हणून उत्तम आहे, नुसतं भाजलेलं धान्य. फक्त कुत्र्याचा घास भरीत कालवायच्या आधी वेगळा काढा. वांगं भाजून झालं की त्यातला बिनमिठाचा गर चमचाभर आणि कोरडा रोडगा.

माणदेशी
हे पटलं. घास तर आधीच काढायचा असतो, भरीत कालवायच्या आधी काढला तर देवाला काय वावगं. आमच्या आत्यांना सांगतो, त्याच करतात सगळं. बाजरीचा रोडगा असतो आमच्यात, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर, वरची काळी साल काढून आतला चुरा कुत्र्यांना घालतात, अगदी हावरटासारखी खातात.

बाजरीच्या पिठाची तशीच बिस्किटं होतील का?

रानजाई
होतील दादा, मी बाजरी-गाजराची करते थंडीत. बाजरीचं पीठ ताजं हवं, जुनं कडू होतं आणि बुंदीसारखी खादाड सुद्धा तोंड फिरवते. पीठ गरम पाण्यात उकडल्यासारखं मळा, मग लाटताना मोडत नाही. ओटीजी नसेल तर जाड तळाच्या कढईत जाळी ठेवून वर झाकण, नानकटाई करतो तसं मंद आचेवर.

वसईवाली
मासे विसरलात सगळे. आमच्या अर्नाळ्याला वलांडीवर (बांबूच्या मांडवावर) बोंबील वाळत घालतात ते बघायला या कधी, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले, वारा सुटला की सगळी रांग हलते. आणि खाली बसलेली कुत्री. त्यांच्याइतका चांगला परीक्षक दुसरा नाही.

सुका बोंबील कुत्र्याच्या खाऊला एक नंबर. फक्त मिठाचं बघायचं. खारवलेला बांगडा, खारी सुरमई, खारा शिंगाळा हे कुत्र्याला बिलकुल देऊ नका, त्यात मीठच मीठ असतं. उन्हात नुसते वाळवलेले घ्या, विकणाऱ्या मावशींना विचारा, खारवलेले की कोरे, त्या बरोबर सांगतात. घरी आणून डोकं-शेपूट-पर कात्रीने काढायचे, वाळू जाईपर्यंत दोनदा धुवायचे, मग अर्धा तास पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यायचं. कपड्याने टिपून मंद तव्यावर कुरकुरीत होईपर्यंत, तेल नाही. दोन बोटांत मोडला की झाला. इंचाइंचाचे तुकडे.

जवळा असेल तर तो चाळून, धुऊन, भाजून मिक्सरला फिरवायचा आणि ती पावडर रानजाईच्या पिठात एक चमचा. पिल्लू दुसऱ्या खोलीतून येतं.

वासाचं मात्र शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा :)

तूरडाळ
वसईवाली, आमच्या सोसायटीत जवळा भाजला तर मिटिंग भरेल. पण वर्णन वाचून कापसाच्या वतीने हळहळ वाटली.

तिकडची_मी
न्यू जर्सीहून. इकडे दुकानात गल्लीच्या गल्ली ट्रीट्सने भरलेली असते तरी मी घरीच करते, त्याचं कारण लिहिते. २००७ पासून इथे अन्न-औषध प्रशासनाकडे जर्की ट्रीट्सच्या तक्रारी यायला लागल्या, वाळवलेलं चिकन वगैरे, बहुतेक चीनहून आलेलं. उलट्या, मूत्रपिंडाचा त्रास. २०१४ पर्यंत हजाराच्या वर कुत्री दगावल्याच्या तक्रारी त्यांच्याकडे आलेल्या होत्या, आणि इतके तपास करूनही नेमकं एक कारण हाती लागलं नाही. तेव्हापासून आमच्या घरात चिकन घरचंच.

पण घरच्या चिकन जर्कीत एक धोका आहे तो कोणी सांगत नाही. डिहायड्रेटरमध्ये कच्चं चिकन सरळ ठेवलं तर वरचा भाग आधी वाळतो, आणि कोरड्यात अडकलेले साल्मोनेलासारखे जंतू नंतरच्या उष्णतेला दाद देत नाहीत. म्हणून इथल्या कृषी खात्याची सूचना आहे की कोंबडीचं मांस आधी आतपर्यंत ७४ डिग्री सेल्सिअसला पोचवा, मग वाळवा. तुमच्या भाषेत : ब्रेस्ट पीस कुकरमध्ये नुसत्या वाफेवर पूर्ण शिजवा, गार करा, धाग्याच्या दिशेने लांब पट्ट्या काढा (आडव्या कापल्या तर चुरा होतो), आणि मग ओव्हनमध्ये ८०-९० डिग्रीला दोन-तीन तास. उरलेलं पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून ठेवा, जेवणावर एक क्यूब.

पीनट बटर आणायचं तर मागचं लेबल वाचा, झायलिटॉलच्या ऐवजी "बर्च शुगर" असंही लिहितात. त्यापेक्षा शेंगदाणे भाजून साल पाखडून मिक्सरला लावा, पाच मिनिटांत होतं.

पशुवैद्य_परळ
पूर्ण अनुमोदन. शेंगदाण्यात फक्त एक भर, दाणा निवडून घ्या. काळपट, सुरकुतलेला, खवट दाणा काढून टाका. बुरशीतून येणारं अफ्लाटॉक्सिन भाजून पूर्ण जात नाही आणि कुत्र्याचं यकृत त्याला फार हळवं असतं. बुरशी आलेली भाकरी, जुना मका "कुत्र्याला घाला" म्हणून टाकायची आपल्याकडे सवय आहे, ती सोडा.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, तिथं ओटीजी लावाची कोणाची हिंमत नाही. आम्ही गारच करतो. कलिंगडाच्या बिया काढून गर, त्यात दोन चमचे ताक, बर्फाच्या ट्रेमध्ये. बस. दुसरं म्हणजे आंब्याच्या रसाचा क्यूब, साखर नाही, रसात निम्मं पाणी. कोय मात्र द्याची नाही, आमच्या गल्लीतल्या एका कुत्र्याच्या आतड्यात कोय अडकून ऑपरेशन करा लागलं. मक्याचं कणीस बी तसंच, दाणे दिले तर चालते, बुरकुंड गिळलं का अडकलंच समजा.

जास्त गरमीत कुत्रं धापा टाकून राहिलं तर त्याला हा खाऊ देत बसू नका, सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी टाका, पंखा लावा आणि डॉक्टरकडं न्या.

गोटीसोडा
एक अनुभव लिहितो, कोणाला उपयोगी पडेल. बंड्या कान आणि पंजे सारखे चाटायचा, खाजवून खाजवून काखेत लाल व्हायचं. डॉक्टरांनी आठ आठवडे एकाच प्रकारचं अन्न सांगितलं, दुसरं काही म्हणजे काही नाही, मग एकेक घटक परत घालून बघायचा. घरात पाळलं आम्ही. पण खाली वॉचमन काका, इस्त्रीवाले, वरच्या मजल्यावरच्या काकू, सगळ्यांचा तो लाडका, जाता-येता बिस्कीट, पोळी. तीन आठवडे फुकट गेले. शेवटी बहिणीने त्याच्या पट्ट्याला चिठ्ठी बांधली, "मला औषध चालू आहे, खाऊ देऊ नका", आणि काकांच्या टेबलावर त्याच्याच अन्नाचे दाणे भरलेली बरणी ठेवली, द्यायचंच तर यातलं द्या. मग झालं नीट. चिकन बाधत होतं.

पशुवैद्य_परळ
बरणीची कल्पना सगळ्यांनी उचलावी अशी. कुत्र्यांच्या अन्न-अॅलर्जीत सगळ्यात जास्त वेळा सापडणारे घटक म्हणजे गोमांस, दूध, चिकन आणि गहू, त्याच क्रमाने. "चिकन सोडून काही खात नाही" अशा खाजवणाऱ्या कुत्र्याचा घरगुती खाऊ बदलून बघायला हवा. आणि चाचणीचे आठ आठवडे चालू असताना घरचा असो बाहेरचा असो, वेगळा खाऊ शून्य.

नवीन_पालक
सगळा धागा वाचला. दोन प्रश्न. कलेजी रोज दिली तर चालेल का, आमची कुत्री मनी फक्त त्यावर ऐकते. आणि चुकून विषारी काही खाल्लं तर मीठ-पाणी पाजून उलटी काढावी असं शेजारच्यांनी सांगितलं, बरोबर आहे का?

पशुवैद्य_परळ
मीठ-पाणी अजिबात नाही. रक्तातलं सोडियम चढून त्यानेच कुत्रं दगावू शकतं. काय खाल्लं, किती, किती वाजता हे लिहा, पाकीट बरोबर घ्या आणि लगेच डॉक्टरांना फोन करून निघा. उलटी काढायची की नाही ते तिथे ठरेल. लक्षणं दिसायची वाट बघू नका.

कलेजी : रोज नको. जीवनसत्त्व अ शरीरात साठून राहतं, जास्त झालं की हाडं-सांध्यांवर जातं. आठवड्यातून एक-दोनदा, उकडून, वाटाण्याएवढे तुकडे. शिकवण्यासाठी वासच हवा असेल तर कलेजी उकडलेल्या पाण्यात नाचणीचं पीठ मळा. वास राहतो, कलेजी पोटात फारशी जात नाही.

रानजाई
अरे वा, हे आजच करून बघणार.

वसईवाली
पावसाळ्यात टिकवता कसं तुम्ही लोक? आमच्याकडे जुलैत मीठ पाणी सोडतं, बिस्किटांना चार दिवसांत पांढरी केसं येतात.

रानजाई
पावसाळ्यात मी आठवड्याचंच बाहेर काढते, बाकी फ्रीझरमध्ये. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायचं नाही, कोमट भरलं की झाकणाला घाम येतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते. बिस्किटं काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये आठ-दहा दिवस. न भाजलेलं, मऊ असं भोपळा-रताळ्याचं, किंवा चिकनचं, पनीरचं काहीही असेल तर बाहेर एक दिवससुद्धा नाही, फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीझरमध्ये दोन महिने. बोंबील भाजून हवाबंद डब्यात फ्रीझरला. डब्यावर तारीख लिहिते. मऊ पडलेली बिस्किटं परत १२० डिग्रीला दहा मिनिटं टाकली की कडक होतात, पण पांढरा ठिपका एक जरी दिसला तर तो आख्खा घाणा फेकायचा, ठिपका खरवडून नाही.

माणदेशी
आमची जुनी कुत्री, तिला पुढचे दात राहिले नाहीत. तिला हे कडक कसं द्यायचं?

रानजाई
दादा तिला भाजूच नका. तेच पीठ, भोपळा जरा जास्त, बारीक गोळ्या वळून चाळणीवर दहा-बारा मिनिटं वाफवा, मुटके करतो तसं. मऊ राहतात, बोटाने दाबले की फुटतात. फ्रीजमधून काढल्या काढल्या देऊ नका, जरा कोमट करून द्या, म्हाताऱ्या कुत्र्यांना वास कमी येतो आणि गरम केलं की वास सुटतो. तिला मूत्रपिंडाचं वगैरे काही असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

माणदेशी
उद्या सकाळी सून वाफवणार आहे. भोपळा मळ्यातलाच आहे.